पलीकडची पुळण

"पाय आत घे. होडी आसा ती, पाट नाय," आत्ती म्हणाल्या.

मी निऱ्या गोळा केल्या आणि होडीच्या मधोमध सरकले. आयुष्यात पहिल्यांदाच होडीत बसले होते. दोन्ही हातांनी फळी घट्ट धरली होती आणि नजर पाण्याकडे जाऊ नये म्हणून आत्तींच्या पिशवीकडे लावली होती. पिशवीत घावण्यांचा डबा होता, सुक्या जवळ्याची चटणी होती, केळीच्या पानात बांधलेला गूळखोबऱ्याचा चुरा होता. पहाटे उठून आत्तींनी माझ्याकडून एवढे घावणे घालून घेतले की दोघींना तीन वेळा पुरले असते.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या आजऱ्याकडे सासूला आत्तीच म्हणतात. लग्न होऊन घाट उतरले, कोकणात आले, तरी ती हाक तोंडातून गेली नाही. त्यांनीही ती कधी बदलायला लावली नाही. गावात सगळे त्यांना द्वारकाकाकी म्हणत, आणि जरा जपूनच म्हणत. त्यांच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती.

"काकी, आज सुनेक घेवन खंय?" खाडीच्या तरीवर होडी चालवणाऱ्या बाबलने वल्हं मारता मारता विचारलं.

"काजी बगूक." म्हणजे काजूची झाडं.

"पलीकडे खंय गो काजी? थय सगळा सरकारी रान."

"मगे सरकारी काजी बगतलंव. तू वल्हव."

बाबल हसला आणि माझ्याकडे बघून गप्प झाला. त्याची नजर माझ्या लुगड्यावर होती. जांभळं, बारीक पिवळ्या काठाचं. गजानन गेल्यापासून ते पेटीच्या तळाशी होतं. सकाळी आत्तींनी स्वतः काढून माझ्यापुढे टाकलं होतं. मी म्हटलं, "हे? कशाला?" तर म्हणाल्या, "ठेवन कुसवतंस? नेस." त्यांच्याशी वाद घालायची पद्धत आमच्या घरात नव्हती.

गजानन, म्हणजे माझा नवरा. आजऱ्याच्या दवाखान्यात कंपाउंडर होता, तिथेच आमचं जमलं. लग्नानंतर त्याची बदली गावाजवळ झाली तेव्हा तो किती खूश होता! तुला समुद्र दाखवतो म्हणाला. पण आज दाखवू, उद्या दाखवू करत राहिलं, कारण नव्या सुनेला घेऊन फिरायला जाणं गावात चांगलं दिसत नव्हतं. मग कावीळ झाली, ती पोटात गेली, आणि एका पावसाळ्यात सगळं संपलं. माझा भाऊ न्यायला आला होता. महिनाभर त्याच्याकडे राहिले. वहिनी वाईट नव्हती, पण तिच्या चुलीपाशी मी सारखी पाहुणीच राहिले. परत आले तेव्हा आत्तींनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "भात कमी आसा. आणखी एक मूठ घाल."

एवढंच. तेव्हापासून त्या घरात आम्ही दोघी. भांडण कधी झालं नाही, कारण बोलणंच फार नव्हतं. नारळ सोलायचे, शेत बघायचं, दुपारी पडवीत सुपारी फोडत बसायचं. रात्री समुद्राचा आवाज यायचा. इतक्या जवळ राहून मी तो पाहिलेला नव्हता.

होडी पलीकडे लागली. त्या बाजूचा डोंगर, त्याखालचं रान, रानापुढचा किनारा, सगळंच वनखात्याने राखून ठेवलं होतं. घर नाही, रस्ता नाही, लाकूड तोडायचं नाही, जाळं लावायचं नाही. गावातली माणसं तिकडे फारशी फिरकत नसत. तिथल्या किनाऱ्याला जुनी माणसं गरुडाची पुळण म्हणायची.

रानाच्या तोंडाशी एक पत्र्याची पाटी होती. मी वाचून दाखवली. "परवानगीशिवाय आत जायला बंदी आहे, आत्ती. आपण परत जाऊ."

"पाटी वाचूक मी तुका हाडलंय नाय," त्या म्हणाल्या आणि पुढे चालायला लागल्या.

पाऊलवाट अंधारी होती. करंज आणि उंडीची जुनी झाडं, त्यांच्यावरून लोंबणाऱ्या वेली. वाळक्या पानांत काहीतरी सळसळायचं आणि थांबायचं. आत्ती चपला हातात घेऊन अशा चालत होत्या की जणू स्वतःच्या परसात निघाल्यात. मला वाटलं, ही वाट यांच्या पायाखालची दिसते. पण विचारलं नाही.

मग केवड्याचं बन आलं, त्यातून वाकून बाहेर पडलो, आणि मी उभीच राहिले.

काय सांगू? पुढे त्या पुळणीवर मी वर्षानुवर्षं वावरले, तिथलं प्रत्येक वळण मला पाठ झालं, पण त्या पहिल्या वेळेसारखी ती परत कधी दिसली नाही. पौषातलं कोवळं ऊन होतं. ओहोटी लागलेली होती आणि वाळू लांबवर ओली, काचेसारखी पसरली होती. तिच्यावर माणसाचं एकही पाऊल नव्हतं. छोट्या कुर्ल्यांनी वाळूच्या गोळ्या करून नक्षी मांडली होती, सडा घालून रांगोळी काढावी तशी. वरच्या कोरड्या वाळूवर मर्यादवेल पसरली होती, जांभळ्या फुलांची. पांढऱ्या कुरव पक्ष्यांचा थवा पाण्याच्या कडेला बसला होता. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि उडायचे कष्टही घेतले नाहीत. आणि समुद्र. मला वाटत होतं तो गर्जत असेल. तो नुसता श्वास घेत होता.

"बगलंस?" आत्ती म्हणाल्या.

"बघितला."

"माज्या झिलान दाखवक होयो होतो. ऱ्हवला." त्यांनी सावलीत पिशवी ठेवली आणि बसल्या. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. गजाननचं नाव किंवा त्याचा विषय त्या कधीच काढत नसत. मला वाटलं, म्हणून आणलंय मला. मुलाचं राहिलेलं एक काम पुरं करायला. मी त्यांच्याजवळ बसले, आणि कितीतरी वेळ पाण्याकडे बघत राहिले.

पण त्यांचं लक्ष पाण्याकडे नव्हतं. त्या सारख्या मागे केवड्याकडे बघत होत्या.

थोड्या वेळाने तिकडून काठी आपटल्याचा आवाज आला. खाकी कपड्यातला एक माणूस वाकून बाहेर आला. उंच, काळासावळा, मानेला गमछा. मी चटकन उठले. पदर डोक्यावर घेतला. म्हटलं, झालं, आता दंड.

"मावशी," तो म्हणाला, "आज बी लाकडं?"

"आज हात रिकामे आसत. बग." आत्तींनी दोन्ही तळवे दाखवले.

"मागल्या खेपेला बी असंच म्हणला होता. आनि मोळी करवंदीच्या जाळीत दडवून ठेवली होती."

मी आत्तींकडे पाहतच राहिले. घरी लाकडांची रास पडली होती. ह्या खाडी ओलांडून लाकडं चोरायला कशाला येतात?

पण त्याहून जास्त मला दुसऱ्याच गोष्टीने हलवलं होतं. तो बोलत होता ते आमचं बोलणं होतं. घाटावरचं. 'बी' आणि 'आनि' आणि 'खेपेला'. भावाकडून परत आल्यापासून ते माझ्या कानांवर पडलं नव्हतं. आणि मीही नकळत आमच्याच बोलीत विचारून बसले, "तुमी कुठलं?"

"चंदगडच्या पल्याडचं. जोतिराम देसाई. हितं वनरक्षक हाय." तो खाली बघत म्हणाला. "तुमी आजऱ्याच्या न्हवं?"

"तुमास्नी कसं ठावं?"

त्याने आत्तींकडे पाहिलं. आत्ती डबा उघडत होत्या.

"बसा दोगांव. घावणे थंड जातत."

तो जरा लांबच बसला. आत्तींनी केळीच्या पानाचे तीन तुकडे केले, तिन्हींवर सारखे वाढले. त्याने चटणी चाखली आणि डोळे पुसत हसला. "लई तिखट हाय."

"तिच्या हातची आसा," आत्ती म्हणाल्या. "तिका सगळा येता. भात लावक येता, नारळाचो झाप विणूक येता. वाचूक येता. उलट उत्तर देना नाय."

माझा घास हातातच राहिला. बाजारात म्हैस विकताना माणसं असं बोलतात, आणि मुलगी दाखवताना. जांभळं लुगडं, एवढे घावणे, काजी बघायचं निमित्त, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं.

जोतिरामनेही माझा चेहरा पाहिला. त्याने पान खाली ठेवलं. "मावशी, तुमी ह्यास्नी सांगितलं न्हाई? मला म्हणला होता, ती हो म्हणून यायलीया."

"सांगतलंय. आता सांगतलंय मा?"

मी उठले आणि चालायला लागले. कुठे ते ठरवलं नव्हतं. पाय ओल्या वाळूत गेले, कुर्ल्यांची नक्षी तुडवत गेले, आणि मग पाणी घोट्याशी आलं. मी समुद्रात उभी होते आणि मला त्याची भीती वाटत नव्हती, इतकी मी चिडलेली होते. मागून आत्तींचा धापा टाकत येण्याचा आवाज आला.

"मालन! गो मालन!"

"मला घालवून द्यायचं होतं तर घरी सांगायचं होतं," मी न वळता म्हणाले. "मी भावाकडे गेले असते. असं परक्या माणसापुढे आणून उभं केलंत. एवढी जड झाले मी तुम्हाला?"

"जड?"

"मग काय? दोन घास खाते म्हणून?"

त्या माझ्यासमोर आल्या. पाण्यात त्यांचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. त्यांना असं धापा टाकताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"आयक," त्या म्हणाल्या. "गजाननचो बापूस गेलो तेव्हा मी तुज्यापरास ल्हान. झील कडेवर होतो. माजी सासू चांगली होती, मारल्यान नाय, उपाशी ठेवल्यान नाय. पण मराच्या दिसापर्यंत तिना माका इचारल्यान नाय, द्वारके, तुका काय होया? एकदा सुद्धा नाय. माका तरी झील होतो. तुका कोण आसा? मी. मी किती वर्सां पुरतलंय?"

लाट आली, पायांखालची वाळू सरकली, आणि त्यांनी माझा दंड धरला. मला सावरायला की स्वतःला, कोण जाणे.

"रातची तू त्या भिंतीकडे तोंड करून निजतंस. मी जागी आसतंय. माका आयकाक येता." त्यांचा आवाज बारीक झाला. "घरात बोललंय आसतंय तर शेजारणीचे कान. शेतातल्या मांगरात बोललंय तर गड्यांचे कान. म्हणान हय हाडलंय. हय कोण नाय. नको तर नको म्हण, मी परत नाव काढूचंय नाय. पण माका उत्तर दी. तुका काय होया ता सांग."

मला काय हवं होतं? खरंच सांगते, मला माहीत नव्हतं. इतक्या दिवसांत तो प्रश्न मी स्वतःलाही विचारला नव्हता. मी तिथे पाण्यात उभी राहून रडले, आणि आत्ती माझा दंड धरून समुद्राकडे बघत राहिल्या. त्यांनी मला जवळ घेतलं नाही, डोळे पुसले नाहीत. तसं करणं त्यांना येतच नव्हतं.

"आणि हा माणूस?" शेवटी मी विचारलं. "ह्याची काय खात्री?"

"तेच्यासाठी तर लाकडां चोरलंय," त्या म्हणाल्या. "माणूस कसो आसा ता चोरी धरल्यारच कळता. पयल्या दिसाक माजी मोळी काढून घेतल्यान. मी तेका नाय नाय त्या शिव्या घातलंय, तेच्या आवशीबापसाचो उद्धार केलंय. तो गप आयकान घेय होतो. मगे म्हणता, मावशी, ऊन लागलाहा, पाणी पी. आणि होडीपर्यंत सोडूक इलो. मोळी मात्र देवक नाय." त्यांनी भिजलेलं लुगडं वर खोचलं. "मोळी दिल्यान आसती तर मी परत इलंय नसतंय."

मला रडता रडता हसू आलं. त्यांना नाही आलं.

मी किनाऱ्यावर परत आले. जोतिराम उभाच होता. काठी वाळूत रोवलेली, पानावरचे घावणे तसेच.

"माफी असावी," तो म्हणाला. "मी जातो. तुमी निवांत बसा. होडीपर्यंत कोण अडवायचं न्हाई."

"बसा," मी म्हणाले. "खाऊन घ्या आधी. तुमचं लग्न झालं होतं?"

आत्ती मुद्दाम लांब, उंडीच्या मुळाशी जाऊन आडव्या झाल्या. डोळ्यांवर पदर घेतला. त्या झोपल्या नव्हत्या हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

"झालं होतं," तो म्हणाला. "पावसाळाभर ती हितं चौकीवर राहिली. मग म्हायेरी गेली, ती आलीच न्हाई. पंचांनी सोडचिठ्ठी केली. ती वाईट न्हवती. तिला माणसं लागायची. हितं मी दिवसभर रानात, आनि चौकीवर आवाज म्हणजे पाण्याचा." मग तो म्हणाला, "तुमास्नी आधीच सांगतो. हितं कोणी शेजारीण न्हाई. बाजार खाडीपल्याड. पावसात होडी चार चार दिवस बंद पडते. बदली कदी होईल सांगता येत न्हाई, आनि मलाबी हे सोडवत न्हाई."

"का सोडवत नाही?"

त्याने वर बोट केलं. किनाऱ्यामागच्या सगळ्यांत उंच झाडावर काटक्यांचा मोठा ढीग दिसत होता. त्यावरून एक पांढऱ्या छातीचा मोठा गरुड पंख न हलवता पाण्यावर आला, खाली उतरला, आणि पायांत मासा धरून परत गेला. घरट्यातून कर्कश ओरडणं ऐकू आलं.

"पिल्लू हाय," जोतिराम म्हणाला. त्याचा चेहरा असा झाला होता की जणू त्याच्याच घरचं कुणीतरी बाळ दाखवत होता. "गेल्या साली घरटं वाऱ्यानं पडलं होतं. ह्या साली परत बांधलं. त्याच झाडावर."

आम्ही पुष्कळ वेळ बोललो. रताळ्यांबद्दल, आजऱ्याच्या घनसाळ तांदळाबद्दल, चंदगडच्या थंडीबद्दल. लग्नाबद्दल एक शब्दही नाही. गजाननबद्दल मात्र त्याने विचारलं. कसे होते ते? असा प्रश्न तोवर मला कुणी केला नव्हता. सगळे विचारायचे, कशाने गेला. मी सांगत राहिले. तो ऐकत राहिला. ऊन कलायला लागलं तेव्हा कुरव एकदम उठले, आणि आत्ती डोळ्यांवरचा पदर काढून म्हणाल्या, "चला. पाणी भरूक लागला."

परत येताना होडीत आत्ती माझ्यासमोर बसल्या होत्या. लुगडं अजून ओलं होतं. बाबल पुढे, पाठमोरा.

"मी जाईन," मी हळूच म्हणाले. "पण एका अटीवर. तुम्ही आमच्याबरोबर चौकीवर राहायला यायचं. तुम्हाला एकटं सोडून मी जाणार नाही."

त्या एकदम तडकल्या. "खुळी की काय गो? चेडवाच्या सासरी आवस कदी रवता?"

एवढं बोलून त्यांनी मान फिरवली आणि पाण्याकडे बघायला लागल्या. आपण काय बोलून गेलो ते त्यांना कळलं की नाही, मला आजही माहीत नाही. मला कळलं होतं. सून नव्हे, लेक म्हणाल्या होत्या. मी खाली वाकून होडीतलं पाणी ओंजळीने बाहेर टाकत राहिले. वर बघायची माझी हिंमत होत नव्हती.

लग्न तालुक्याच्या कचेरीत झालं. आत्तींनी साक्षीदार म्हणून अंगठा उठवला. गावात व्हायचं ते झालंच. गजाननचे चुलत भाऊ दारात येऊन घराण्याच्या अब्रूबद्दल बोलून गेले. बायकांनी विहिरीवर पाठ फिरवली. आत्तींना त्याचं काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही. दिवाळसणाला त्यांनी जोतिरामना जावई म्हणून बोलावलं, पाटावर बसवलं, उटणं लावायला स्वतः उभ्या राहिल्या. पडवीत गजाननचा फोटो होता. जोतिराम आधी त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले, नमस्कार केला, आणि मग पाटावर बसले. तेव्हा आत्ती आत गेल्या, बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

आणि पुळण माझं अंगण झाली. सकाळी दार उघडलं की केवड्याचा वास, आणि पलीकडे ती. कपडे वाळत घातले की त्यांच्यावर मीठ जमायचं. कासवं येऊन गेली की सकाळी वाळूवर त्यांच्या फरपटीची वाट दिसायची, आणि मी जोतिरामना उठवायला धावायचे. पावसात चौकीचं छप्पर गळायचं, चूल पेटायची नाही, बाजार बंद असायचा. शेजारीण नव्हती, हे खरं होतं. पण रात्री भिंतीकडे तोंड करून निजावं असं मला तिथे कधी वाटलं नाही. आता आम्ही आजऱ्यात राहतो. जोतिराम निवृत्त झाले, त्यांचे गुडघे दुखतात. ती पुळण अजून तशीच राखलेली आहे म्हणतात. इथे पहाटे जाग आली की मी थोडा वेळ डोळे मिटूनच पडून राहते. लाटेचा आवाज येईल असं उगीच वाटतं.

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. भाऊ बोलावत होता, पण आठवा लागला तसा आत्तींचाच निरोप बाबलबरोबर आला: तयारी झालेली आसा, होडी पाठयलंय. जोतिरामनी मला उचलून होडीत बसवलं. मी खाडी ओलांडून त्याच घरात आले, जिथे मी कधीकाळी सून म्हणून माप ओलांडलं होतं.

नववा भरत आला तेव्हा एका दुपारी कळा सुरू झाल्या; निरोप मिळून जोतिरामही आले. आत्तींनी माजघरात बाज मांडली होती. सुईण येसूबाय आली, दारातच थबकली. तिने माझ्याकडे बघितलं, पडवीत येरझारा घालणाऱ्या जोतिरामकडे बघितलं, भिंतीवरच्या गजाननच्या फोटोकडे बघितलं. गावाने दोन वर्षं जे पाठीमागे विचारलं होतं ते तिने तोंडावर विचारलं.

"काकी, राग मानू नको. पण ह्या तुजा कोण लागता? सून म्हणू तर घोव दुसरो. चेडू म्हणू तर तुका चेडू कदी झाला?"

आत्ती चुलीपाशी होत्या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मोठं तपेलं उचलून तिच्या हातात दिलं.

"आधी पाणी तापत ठेय," त्या म्हणाल्या. "नातां मगे लाव."